बुजऱ्या इंटर्नला कामात कसं आणायचं

इंटर्न बोलत नाही. काही विचारलं की नुसती मान हलवतो. "जमेल ना?" म्हटलं की "हो" म्हणतो, आणि संध्याकाळी बघावं तर फाइल सकाळी होती तिथेच. पणजी, म्हापसा, मडगाव, कुठल्याही छोट्या ऑफिसात ही तक्रार ऐकायला मिळते. तिच्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे पाठीवर थाप मारून "जरा मोकळा हो रे" असं सांगणं. त्या थापेने पोरगं आणखी आकसतं.

मी हिशेब आणि करसल्ल्याच्या ऑफिसात काम करते. बी.कॉम.ची मुलं-मुली इंटर्नशिपला येतात आणि बहुतेक वेळा माझ्याच टेबलाशी येऊन थांबतात. त्यावरून माझं मत असं झालंय की इंटर्न स्वभावामुळे जेवढा अडतो, त्याहून कितीतरी जास्त न सांगितलेल्या गोष्टींमुळे अडतो. काय करायचं, कुठे थांबायचं, झालं की कोणाकडे जायचं, हे त्याला धड कोणी सांगितलेलंच नसतं. तेवढं नीट सांगितलं की बुजरेपणा शिल्लक राहिला तरी काम होतं. तो घालवायच्या मागे लागू नये. चार आठवड्यांत कोणाचा स्वभाव बदलत नाही, आणि बिलं तपासायला तो बदलावाही लागत नाही.

उदाहरणं माझ्या धंद्यातली येतील. तुमचं ऑफिस हॉटेलचं बुकिंग बघणारं असो, वेर्ण्याच्या कारखान्यातलं असो, नाहीतर आर्किटेक्टचं, पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

पहिली पायरी: तो कधी येणार हे तुम्ही ठरवा

कॉलेजचं पत्र आलं की आपण "या सोमवारपासून" म्हणून मोकळे होतो. तो सोमवार नेमका महिन्याच्या ९ तारखेला पडतो आणि तिथेच सगळं बिघडतं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ (विक्रीच्या तपशिलाचं रिटर्न) ची मुदत ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न) ची २०. त्या दहा-बारा दिवसांत ऑफिसात कोणाला मान वर करायला फुरसत नसते. नवा मुलगा त्यात सापडला की दिवसभर खुर्चीत बसून राहतो, आणि आपण इथे नको आहोत असं त्याच्या मनात एकदा बसलं की ते निघत नाही. म्हणून २१ तारखेच्या पुढे बोलवा. महिनाअखेरीपर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात शांत असतात, शिकवायला वेळ मिळतो, आणि पुढच्या महिन्याची गर्दी येते तोवर तो हाताशी आलेला असतो. हॉटेलवाल्यांनी नाताळ ते नववर्ष आणि सगळ्यांनीच चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा आठवडा टाळावा. चवथीला गोवा घरी असतो, ऑफिस उघडं ठेवलं तरी.

तास आधीच मोजून ठेवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नव्या आराखड्यात इंटर्नशिपचं एक क्रेडिट ३० तासांचं धरलेलं आहे. म्हणजे ४ क्रेडिटची इंटर्नशिप १२० तासांची, रोज ६ तास धरले तर कामाचे फक्त २० दिवस. "पहिला आठवडा बसून बघू दे" असं म्हणणारा माणूस त्याच्या इंटर्नशिपचा पाव भाग वाया घालवत असतो. कॉलेजने किती तास सांगितलेत ते पत्रात बघून घ्या, कॉलेजागणिक फरक पडतो.

एक कागदोपत्री गोष्ट: इंटर्न आणि अप्रेंटिस यांची गल्लत करू नका. अप्रेंटिसला १९६१ चा अप्रेंटिस कायदा लागतो. त्याच्याशी करार होतो, त्याची नोंदणी होते, त्याला ठरलेलं विद्यावेतन द्यावं लागतं. कॉलेजच्या अभ्यासक्रमातून आलेल्या इंटर्नचं तसं नसतं. त्याला काही देणार असाल तर किती आणि कधी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, देणार नसाल तर तेही. बुजरा मुलगा पैशांचं स्वतःहून कधीच विचारणार नाही, महिनाभर मनात घोळवत राहील.

दुसरी पायरी: एकच माणूस, एकच जागा

"काही लागलं तर कोणालाही विचार." हे वाक्य आपण औदार्याने बोलतो आणि इंटर्न त्याचा अर्थ "कोणालाच विचारू नकोस" असा घेतो. त्याला एकच माणूस नेमून द्या. तो माणूस साहेब नसावा, आणि ऑफिसात सगळ्यांत जास्त कामाचा बोजा असलेलाही नसावा. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेला कोणीतरी बरा, कारण आपण कुठे अडलो होतो हे त्याला अजून आठवत असतं. तो रजेवर असला तर कोणाकडे जायचं, हेही सांगून ठेवा.

बसायची जागा त्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात हवी. दाराशी बसवलं तर येणारा प्रत्येक क्लायंट त्यालाच "साहेब आहेत का?" विचारतो आणि बिचाऱ्याला साहेब कोण हेच धड माहीत नसतं. कॉम्प्युटर, टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) त्याच्या नावाचा युजर, वायफायचा पासवर्ड, पेन आणि एक वही, एवढं आदल्या दिवशी तयार ठेवा. पहिल्या सकाळी तो आल्यावर त्याच्या देखत खुर्ची शोधायला लागलात तर पुढचे चार दिवस तो आपण अडचण झालोय अशाच चेहऱ्याने वावरेल.

तिसरी पायरी: पहिला अर्धा तास

या अर्ध्या तासात कामाचं काही सांगू नका. ऑफिसातल्या जुन्या माणसांना जे माहीत असतं आणि म्हणून जे कोणी बोलतच नाही, ते सांगा. यायची आणि जायची वेळ. उशीर होणार असेल तर फोन करायचा की मेसेज, आणि कोणाला. जेवायची सुट्टी किती आणि कुठे बसून जेवायचं. बाथरूम कुठे, किल्ली कुठे. चहा येतो तेव्हा त्याचे पैसे कोण देतो. (हसू नका. मी देऊ की नको या एका प्रश्नापायी चहाच घ्यायचं टाळणारी मुलं असतात.) मोबाईल टेबलावर ठेवला तर चालतो का. क्लायंटच्या पॅन, आधार, बँकेच्या कागदांचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढायचा नाही, ही मात्र सूचना नसून सक्ती, आणि ती तशाच आवाजात सांगा. हे सगळं एका कागदावर छापून दिलंत तर उत्तम. घाबरलेल्या माणसाने ऐकलेलं अर्धं विसरलं जातं, आणि पुन्हा विचारायला त्याला लाज वाटते.

कोणाला काय म्हणायचं हेही सांगून टाका. आमच्याकडे मोठ्यांना सर-मॅडम, शिपाईकाकांना काका, बरोबरीच्यांना नावाने. आणि एक लक्षात ठेवा: घरात कोंकणी बोलणारा मुलगा मराठी बोलताना तुम्हाला अरेतुरे करून गेला तर तो उद्धटपणा समजू नका. त्याच्या घरी वडिलांनाही तो तसाच बोलत असतो. खटकत असेल तर एकदा साधेपणाने सांगा, चारचौघांत टोमणा मारू नका.

शेवटी त्याची बस विचारा. सत्तरी, सांगे, काणकोण या बाजूंना जाणारी मुलं एक बस चुकली की घरी कधी पोचतील सांगता येत नाही. पणजीहून फोंडा किंवा मडगाव, तिथून पुढे दुसरी, मग गावात चालत, असा त्यांचा प्रवास असतो. साडेपाचला घड्याळाकडे बघत अस्वस्थ होणाऱ्या मुलीला कामात रस नाही असं आपण धरून चालतो, आणि ती बसच्या काळजीत असते. पावसाळ्यात तर पंधरा मिनिटं आधी सोडा आणि सकाळी पंधरा मिनिटं उशिरा बोलवा.

चौथी पायरी: पहिलं काम

इथे सगळ्यांत जास्त डोकं लावा, कारण सगळं यावरच ठरतं. पहिलं काम कसं असावं? त्याला शेवट हवा, म्हणजे झालं की झालं हे त्याचं त्यालाच कळावं. त्यात कोणाशी बोलावं लागू नये. चूक झाली तरी नुकसान होऊ नये. आणि ते खरं असावं. खोटं काम, म्हणजे जुन्या फायली लावून ठेवणं, झेरॉक्स काढणं, मुलांना लगेच ओळखू येतं.

आमच्याकडे मी खरेदीच्या बिलांचा गठ्ठा देते. पन्नासेक बिलं, एकाच क्लायंटची, एकाच महिन्याची. त्याआधी जीएसटी नंबर कसा वाचायचा ते सांगते. १५ अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे: गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. तेरावं अक्षर त्या पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगतं, चौदावं बहुतेक ठिकाणी झेड, आणि पंधरावं ताळ्याचं. पॅनमधलं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, तो धंदा कोणाचा ते सांगतं: पी असेल तर एकट्या माणसाचा, एफ असेल तर भागीदारीचा, सी असेल तर कंपनीचा. हे शेवटचं कामाला लागत नाही, तरीही सांगते. गप्प मुलांना अशा गोष्टी आवडतात, आणि दुपारी शेजारच्या मुलीला "हा भागीदारीवाला बघ" असं सांगताना त्यांचं पहिलं वाक्य फुटतं.

मग काम: विकणाऱ्याचा नंबर ३० ने सुरू होतो ती बिलं एका बाजूला, बाकीची दुसऱ्या. पहिल्या गठ्ठ्यात सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्रीवरचे केंद्राचा आणि राज्याचा कर) दिसले पाहिजेत, दुसऱ्यात आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातून आलेल्या मालावरचा). जिथे तसं नसेल तिथे बिलावर पेन्सिलीने गोल करायचा आणि ते बिल वेगळं ठेवायचं. दुरुस्त काही करायचं नाही. पेन वापरायचं नाही. एक वाजेपर्यंत जितकी होतील तितकी, आणि एक वाजता माझ्याकडे यायचं, झालेलं असो वा नसो. या शेवटच्या वाक्यात काम पुरं न होताही येऊन उभं राहायची परवानगी आहे. ती नसली की तो संध्याकाळपर्यंत येतच नाही.

पहिली दोन बिलं माझ्यासमोर करून घेते. "समजलं का?" हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. "हे एक करून दाखव" म्हटलं की काय समजलं आणि काय नाही ते दोन मिनिटांत दिसतं.

एक वाजता काय होतं ते सांगते. बहुतेक सगळ्यांच्या वेगळ्या काढलेल्या बिलांत एक तरी हॉटेलचं असतं.

"याचा नंबर कितीने सुरू होतो?"

"सत्तावीस."

"आणि कर कुठला लावलाय?"

"सीजीएसटी, एसजीएसटी."

"मग?"

इथे तो गप्प होतो. तुम्हीही गप्प राहा. बुजऱ्या माणसाला मनातल्या मनात वाक्य जुळवून मग बोलायची सवय असते, आणि आपण धीर न धरता उत्तर स्वतःच देऊन टाकतो. थांबलात तर येतं.

"...आयजीएसटी पाहिजे होता?"

"वाटतं तसं. पण बिल कशाचं आहे ते वाच."

"हॉटेल. कोल्हापूर."

"हॉटेलच्या खोलीवरचा कर खोली जिथे आहे त्या राज्याचा. म्हणजे बिल बरोबरच आहे. पण महाराष्ट्राच्या या कराचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, आपल्या गोव्यातल्या क्लायंटला मिळत नाही, म्हणून ते बाजूला निघालं हे फार बरं झालं."

त्या मुलाने सांगितलेल्या नियमाप्रमाणे काम केलं आणि त्यातून खरोखर उपयोगाचं बिल निघालं. दुसऱ्या दिवशी तो खुर्चीत जरा ताठ बसतो. त्याला धीर द्यायला वेगळं काही करावं लागत नाही. तुमच्या धंद्यातलं असं एक काम शोधा: नियम दोन ओळींचा आणि त्यात एखादा गमतीचा अपवाद. हॉटेलात असेल तर ओळखपत्रावरचं नाव आणि बुकिंगवरचं नाव जुळवणं, आर्किटेक्टकडे असेल तर नकाशावरची मापं आणि तक्त्यातली मापं ताडून बघणं.

पाचवी पायरी: प्रश्नांना वेळ बांधून द्या

एका प्रकारचा इंटर्न प्रश्नच विचारत नाही. दुसऱ्या प्रकारचा येऊन तुमच्या खुर्चीमागे उभा राहतो, बोलत नाही, नुसता उभा. तुम्ही फोनवर असता, त्याचा श्वास मानेवर जाणवतो, आणि तुमची चिडचिड होते. दोघांनाही औषध एकच. दिवसाच्या दोन वेळा ठरवून द्या, समजा बारा आणि चार. तोवर प्रश्न वहीत लिहायचे. अडलं तर ते बिल बाजूला ठेवून पुढचं घ्यायचं. बारा वाजता तुम्ही स्वतः त्याच्या टेबलाशी जायचं आणि म्हणायचं, "वही दाखव." त्याने यायची वाट बघू नका, निदान पहिला आठवडा.

वही कोरी असेल तर? तर "काही नाही का?" म्हणून परत फिरू नका. "सगळ्यांत जास्त वेळ कुठल्या बिलाला लागला?" असं विचारा. अडलेली जागा तिथेच असते.

सहावी पायरी: चूक दाखवताना

चारचौघांत दाखवू नका, हे कोणीही सांगेल. मी त्यात एवढंच घालीन की फार गोडही बोलू नका. "तसं चांगलं केलंयस, अगदी छान, फक्त एक छोटंसं" असं सुरू केलं की बुजरा मुलगा त्या छोट्याशाची वाट बघत गोठतो, आणि पुढल्या वेळी कौतुक ऐकलं तरी त्याच्या पोटात गोळा येतो. सरळ सांगा: "या तीन ठिकाणी तारीख उलटी पडलीय. महिना आधी टाकलायस. बदल आणि पुढच्या पानापासून लक्ष ठेव." आवाज नेहमीचा. सांगून झालं की तिथून निघा, त्याच्या डोक्यावर उभं राहून दुरुस्ती बघू नका. कौतुक करायचं तेव्हा तेही असंच नेमकं आणि वेगळ्या वेळी करा.

तीच चूक पुन्हा पुन्हा होत असेल तर मुलाकडे बघण्याआधी सूचना तपासा. तोंडी दिली होती का? लिहून द्या. काही मुलांना ऐकलेलं टिकत नाही, वाचलेलं टिकतं. काहींना आवाज, गर्दी, अचानक बदललेलं काम यांचा खरोखर त्रास होतो. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता या दोन्ही येतात, आणि अशी मुलंही पदवीपर्यंत येतात, इंटर्नशिपलाही येतात. तुम्ही निदान करायला जाऊ नका, कोणाला कुजबुजत "त्याला ते काहीतरी आहे" असंही सांगू नका. लेखी सूचना, ठरलेली वेळ, शांत जागा एवढं दिलंत तर कोणाला काय आहे हे न कळताही काम भागतं.

सातवी पायरी: फोन, क्लायंट आणि भाषा

गोव्यातल्या बुजरेपणाचं एक कारण शाळेत आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांतली कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीपासून एकदम इंग्रजीत जातात. लिहिता येतं, परीक्षा पास होतात, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. त्यात आपल्या ऑफिसची भाषा म्हणजे चार भाषांची खिचडी: मेल इंग्रजीत, सहकाऱ्यांशी कोंकणी-मराठी, बाहेरच्या सप्लायरशी हिंदी. कोणाशी कुठली बोलायची हेच नव्या माणसाला आधी कळत नाही. म्हणून विचारा, "तुला कुठल्या भाषेत सोपं पडतं?" आणि कामाची वाटणी त्याप्रमाणे करा.

डिचोलीकडची एक मुलगी आमच्याकडे होती. फोन वाजला की ती फाइलमध्ये डोकं खुपसायची. तिला देवस्थानांचं काम दिलं. गोव्यातली देवस्थानं १९३३ च्या देवस्थान कायद्याखाली चालतात. महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद) असतात, निवडलेली समिती असते, खजिनदार असतो, आणि मामलेदाराकडे हिशेब द्यावे लागतात. आमच्याकडे येणारी त्यांची पावतीपुस्तकं आणि ठराव मराठीत असतात, आणि खजिनदार साठीच्या पुढचे. ऑफिसातली इंग्रजी शाळेची मुलं त्या मोडीवळणाच्या अक्षरापुढे हात टेकायची. ही मुलगी "काका, जत्रेच्या पावणीची (लिलावाची) पावती मिळाली नाही अजून" असं फोनवर सरळ विचारायची, आणि काका पावतीबरोबर जत्रेची सगळी हकीकतही सांगायचे. बुजरी होती ती इंग्रजीत.

इतरांसाठी फोन शिकवायची रीत अशी. आधी दोन-तीन दिवस तुमच्या शेजारी बसून तुमचे फोन ऐकू द्या. मग एक कागद द्या: "नमस्कार, मी अमुक ऑफिसातून बोलतोय. गेल्या महिन्याची बँकेची स्टेटमेंट अजून आलेली नाहीत. गुरुवारपर्यंत मेल कराल का?" एवढंच. समोरचा काही भलतंच विचारायला लागला तर म्हणायचं वाक्यही लिहून द्या: "हे मी मॅडमना विचारून तुम्हाला पुन्हा फोन करतो." या एका वाक्याने अर्धी भीती जाते, कारण भीती असते ती उत्तर न सुचण्याची. पहिला फोन सज्जन क्लायंटला लावून द्या. प्रत्येक ऑफिसात असे दोन-तीन असतात, त्यांना आधी कल्पना दिली तरी चालते. रागीट क्लायंटला इंटर्नकडून फोन लावणं हे शिकवणं नव्हे, ती आपली पळवाट.

आठवी पायरी: चहा-जेवण

थोडक्यात. बोलवा, ओढू नका. "आम्ही दीडला जेवतो, येतोस तर ये" एवढं पुरे. तो डबा घेऊन मोबाईल बघत एकटा जेवला तर जेवू द्या, काही लोकांना दुपारची ती वीस मिनिटं एकटं राहायला लागतातच. बोलायला विषय हवाच असेल तर "आज नुस्तें की शिवराक?" (मासे की शाकाहारी?) हा गोव्यात कोणालाही विचारता येतो आणि कोणीही त्याचं उत्तर देऊ शकतं. घरचे किती, वडील काय करतात, बारावीला किती टक्के, हे विषय पहिल्या आठवड्यात नकोत.

"हा आपला मौनीबाबा" छापाची थट्टा मात्र पहिल्याच दिवशी थांबवा. थट्टा करणाऱ्याला बाजूला घेऊन सांगा. इंटर्नच्या देखत त्याची बाजू घेत भांडू नका, त्याला ते थट्टेहून जड जातं.

नववी पायरी: अवघड वाटणाऱ्या बोलण्यांची

अवघडलेपणा नेहमी गप्प नसतो. कोणी अखंड बोलतं. कोणी साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता शिरतं, रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर "जेवलात का?" पाठवतं, दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावतं. बहुतेक वेळा यात वाईट हेतू नसतो, रेषा कुठे आहे हे दिसत नसतं. मग रेषा काढून दाखवा. "आठनंतर कामाचा मेसेज पाठवायचा नाही, सकाळी पाठव." "केबिनचं दार बंद असेल तर टकटक करायची आणि आत ये म्हटल्यावर जायचं." खाणाखुणा, कपाळावरची आठी, लांब उत्तर न देणं, यातून तो समजेल अशी आशा धरू नका. समजत असतं तर असं झालंच नसतं.

घामाच्या वासाचं बोलणं सगळ्यांना नको असतं. गोव्याची दमट हवा, दोन बस बदलून आलेला मुलगा, जूनमध्ये ओले मोजे दिवसभर पायात. ऑफिसात कुजबुज सुरू होते, कोणी रूम फ्रेशनर मारतं. यापेक्षा निर्दय काही नाही. मुलाला पुरुषाने, मुलीला बाईने, संध्याकाळी निघताना, एकट्याला सांगावं: "पावसात भिजून येतोस, त्याचा वास राहतो. एक जादा शर्ट आणि मोजे इथल्या कपाटात ठेव, आल्यावर बदल." उपाय त्याच वाक्यात असू द्या. नंतर दुसऱ्या दिवशी "बरं वाटतंय ना आता?" असं विचारू नका, विषय संपला.

मात्र एक प्रकार यात मोडत नाही. कोणी इंटर्न मुलीला नको ते बोलत असेल, मेसेज करत असेल, अंगचटीला येत असेल, तर "तो जरा तसाच आहे" म्हणून ते खपवायचं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, तिला पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असावीच लागते, त्याहून लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने. समितीत कोण आहे आणि कुठे जायचं, हे तिसऱ्या पायरीतल्या त्या कागदावर आधीच छापलेलं असू द्या. बुजरी मुलगी हे विचारायला कधीच येणार नाही.

दहावी पायरी: जमतच नसेल तर

दहा दिवस झाले, लेखी सूचना दिल्या, वेळ दिला, तरी काम हलत नाही. मग बसून एकदा स्पष्ट बोला, पण "तुझा प्रॉब्लेम काय आहे?" असं नको. "बिलांचं काम तुला आवडत नाही असं मला वाटतंय. टॅलीतल्या नोंदी, बँकेचा ताळा, देवस्थानाच्या पावत्या, यातलं काय करून बघशील?" असे पर्याय समोर ठेवा. पर्यायांतून निवडणं गप्प माणसाला सोपं जातं. तरीही नाहीच जमलं तर कॉलेजच्या समन्वयक प्राध्यापकांना फोन करा आणि हे इंटर्नला आधी सांगून करा. काही मुलं इथे येतात ती फक्त क्रेडिटसाठी, त्यांचं मन दुसरीकडे असतं. त्यांना दिलेलं काम नीट करायला लावा, वेळेवर सोडा, त्यांना अकाउंटंट बनवायचा हट्ट धरू नका.

शेवटचा आठवडा

कॉलेजची नोंदवही शेवटच्या दिवशी एकदम भरायला लावू नका. दर शुक्रवारी सही करा, नाहीतर मुलगा तीन आठवड्यांच्या तारखा आठवत बसतो आणि तुम्ही न वाचता सह्या करता. प्रमाणपत्रात "मेहनती आणि प्रामाणिक" एवढंच लिहून देऊ नका, ते सगळ्यांच्याच प्रमाणपत्रात असतं. त्याने काय केलं ते लिहा: खरेदीची बिलं तपासली, तीन क्लायंटचा बँकेचा ताळा जुळवला, देवस्थानाची पावतीपुस्तकं नोंदवली. मुलाखतीत जो स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलू शकणार नाही, त्याच्या वतीने हा कागद बोलतो.

निरोपाचं भाषण मागू नका. केक कापायचा असेल तर कापा, पण "दोन शब्द बोल" असा आग्रह नको. त्याने शिकलेलं काम पुढच्या इंटर्नसाठी एका पानावर लिहून घ्या. तुम्ही काय सांगायला विसरलात ते त्या पानावर सापडतं, आणि ते तिसऱ्या पायरीतल्या कागदात घालता येतं. तो गेला की त्याच संध्याकाळी त्याचा टॅलीचा युजर बंद करा, त्याला दिलेले पोर्टलचे पासवर्ड बदला आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याचं नाव काढा. काढणार आहात हे मात्र त्याला आधी सांगा, नाहीतर आपलं काय चुकलं याचा विचार तो घरी बसून करत राहील.